सुईवाली गाडी

मित्रांनो, गावात माझा भोंगा वाजला की आधी बकऱ्या पळायच्या. मग गोऱ्हे शेपट्या वर करून उधळायचे, म्हशी डोळे पांढरे करायच्या, आणि सगळ्यांत शेवटी माणसं ओट्यावर येऊन म्हणायची, “आली बावा सुईवाली गाडी!”

मी एक जुनी गाडी आहे. जनावरांचा फिरता दवाखाना म्हणून माझा जन्म झाला, आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकही जनावर आपल्या मनानं माझ्यात चढलं नाही. तुम्हाला दवाखान्यात न्यायला निघालं की तुम्ही दाराची चौकट धरून बसता की नाही? ते दृश्य मी जन्मभर पाहिलं. फरक एवढाच, की बैलाच्या हाती चौकट लागत नाही, म्हणून तो लाथ मारतो. माझ्या डाव्या पत्र्यावर अशा लाथांचे पोचे आजही आहेत.

माझा सांगाडा कारखान्यातून आला आणि अंग अकोल्यात चढलं. मागं लांब कप्पा, आजारी गाय ऐसपैस उभी राहील असा. तळाला खडबडीत जाड पत्रा, खूर घसरू नये म्हणून. मागचं दार खाली सोडलं की ते जमिनीला टेकायचं आणि त्याचीच चढण व्हायची. पुढं, चालकाच्या पाठीशी, एक चिमुकली खोली होती. मुक्कामाला डॉक्टरांसाठी फळीची खाट, हात धुवायला बेसिन, वर पाण्याची टाकी. बस, एवढाच संसार.

काम मात्र मी जीव लावून केलं. नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात मी चिखलात रुतले, चिखलदऱ्याच्या घाटात दम लागून उभी राहिले, पण लस पोचवायची म्हणजे पोचवली. एकदा एक अडलेली गाय माझ्यातच सुटली. केवढा आनंद झाला मला! वाटलं, हे वासरू तरी माझं. पण ते पठ्ठं धडपडत उभं राहिलं, मला हुंगलं, आणि पायात बळ नसताना पहिली उडी बाहेर मारली. माणसं दसऱ्याला मला झेंडूची माळ घालायची, हळद-कुंकू लावायची. माझी तक्रार नाही. पण ज्यांच्यासाठी राबलो त्यांनी एकदा आपल्याकडं प्रेमानं पाहावं, असं गाडीलाही वाटतं.

पुढं नवी गाडी आली आणि मी अकोल्यात पंजाबरावांच्या आवारात येऊन पडले. पंजाबराव जुन्या गाड्या घेत आणि विकत. जी विकली जात नाही ती कापून भंगारात घालत. माझ्या चाकांत गाजरगवत उगवलं. दिवाळीनंतर माझा नंबर आहे, असं ते एकदा कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

त्याच दिवसांत अमरावतीहून एक जोडपं आलं. गयासुद्दीन आणि त्याची बायको रजियाबी. लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला घोडी देणं हा त्यांचा धंदा, आणि उन्हाळ्यात तीच घोडी घेऊन चिखलदऱ्याला पर्यटकांना चकरा मारून आणणं. घोडी एकच. पांढरीशुभ्र, तिचं नाव दुलारी. आदल्या वर्षी भाड्याच्या उघड्या टेम्पोतून नेताना चालकानं वळणावर वेग घेतला आणि दुलारी गुडघ्यावर पडली. जखम भरायला फार दिवस लागले, रोज सुई टोचावी लागली. तेव्हाच गयासुद्दीननं ठरवलं, एक तर स्वतःची गाडी, नाहीतर घोडी विकायची. गिऱ्हाईक तयारच होतं. अमरावतीत लग्नाचं मोठं लॉन चालवणारे शेषराव कधीपासून मागं लागले होते.

दोघांजवळ जेवढे पैसे होते त्यात एक तर चांगलं इंजिन मिळत होतं, नाहीतर चांगली खोली. दोन्ही मिळत नव्हतं.

गयासुद्दीनची नजर खोलीवर. आवारात एक गुलाबी रंगाची गाडी होती, कुण्या नाटकवाल्याची. तिच्यात गादी, पंखा, आरसा, छताला रंगीत दिवे. तो गादीवर जाऊन आडवाच झाला.

“रजिया, हे पाह्य! आरसा हाये! पंखा हाये!”

“दुलारी आरशात पाहून काय करन? भांग पाडन?” रजियाबी म्हणाली.

“अवं, आपल्याले झोपाले नाई लागत का? रात-रात लॉनच्या मागं चटई टाकून पडतो आपण. तूच बोंबलत होती, आतून कडी लागन अशी जागा पायजे म्हणून.”

हे खरं होतं. परक्या गावात, वरात संपल्यावर, उघड्यावर झोपणाऱ्या बाईला आतून लागणाऱ्या कडीची किंमत विचारा. तरी रजियाबीनं पिशवीतून सुतळी काढली. सुतळीला दोन गाठी होत्या, एक दुलारीच्या लांबीची, दुसरी तिच्या कानाच्या उंचीची. गुलाबी गाडीच्या मागच्या कप्प्यात सुतळी धरली तर कानाची गाठ छताच्या वर गेली.

“मान खाली घालून उभी राहील की,” पंजाबराव म्हणाले. “नवी नवरी नाई का राहत, भाभी?”

“पंजाबभाऊ, नवरी घंटाभर राहते. तुमी अमरावतीपावतर राहून दाखवा.”

मग तिनं जे केलं ते मी आजवर कुणा गिऱ्हाइकाला करताना पाहिलं नव्हतं. ती मागच्या कप्प्यात चढली, दोन्ही हात पाठीमागं ओढणीनं बांधून घेतले आणि म्हणाली, “चालवा आता. त्या खड्ड्यातून घ्या, अन् मग ब्रेक मारा.”

“हात काहून बांधले?” गयासुद्दीन ओरडला.

“घोडीले हात असतात का?”

गुलाबी गाडीनं तिला पहिल्याच खड्ड्यात कोपऱ्यात फेकलं. दुसरी एक उंच मालवाहू गाडी होती, ती तिनं चढायला वाट नाही म्हणून सोडली. मग राहिले मी. गाजरगवत उपटलं, बॅटरी बदलली, आणि पंजाबरावांनी ओशाळून सांगून टाकलं, “भाभी, थे सरकारी हाये. खोलीत काईच नाई. कडी बी तुटेल हाये.”

रजियाबी माझ्यात उभी राहिली. हात मागं, पाय फाकवलेले, डोळे मिटलेले. मित्रांनो, मी त्या आवारातून अशी चालले, अशी चालले, की जणू पोटात पाण्यानं भरलेली परात आहे. खड्डा आला, मी तो गिळला. ब्रेक लागला, ती डुलली, पण पडली नाही. तिनं डोळे उघडले, वाकून माझ्या तळाच्या पत्र्यावर पाय आपटला, चहूकडं आपटला. ठणठणीत.

“हेच घ्या,” ती म्हणाली. “इंजिन, ब्रेक अन् जमीन हे एकदाच घ्याचं असते. गादी काय, या वर्षी नाई तर पुढच्या वर्षी घेऊ.”

“अन् आरसा?” गयासुद्दीननं रडवेल्या चेहऱ्यानं विचारलं.

“आरसा तुमच्या आहेरात देईन मी.”

अशी मी अमरावतीच्या कडेला, त्यांच्या अंगणात आले. रजियाबीनं पहिलं काही बसवलं असेल, तर ती खोलीची आतली कडी.

आता खरी गोष्ट. दुलारीला माझ्यासमोर आणलं, दार खाली सोडलं. ती डौलात आली, मान लांब करून तिनं मला हुंगलं, आणि चारही पाय रोवून उभी राहिली. मग मागं, मागं, थेट गोठ्यात. मला कळलं. माझ्या पत्र्यापत्र्यात औषधांचा वास मुरला होता, आणि तिला त्या सुया अजून आठवत होत्या. मेलं, दैवच असं!

“वास येऊन राहिला दवाखान्याचा,” रजियाबी म्हणाली आणि बाजाराला गेली. तेवढ्यात गयासुद्दीनला उत्साह आला. त्यानं फिनाईलची मोठी बाटली आणून मला आतून अशी घासली, की कोपरा सोडला नाही. संध्याकाळी रजियाबी आली ती नाकाला ओढणी लावूनच.

“हे काय केलं?”

“वास घालवला.”

“दवाखान्याचा वास फिनाईलनं घालवला! अवो, दवाखाना दुसरा कशानं धुतात?”

दुलारी त्या दिवशी गोठ्यातूनही बाहेर आली नाही.

मग रजियाबीनं मला साध्या पाण्यानं धुतलं, दिवसचे दिवस उन्हात उघडं ठेवलं, कडुनिंबाचा धूर दिला. आणि एक दिवस गोठ्यातलं दुलारीच्याच पायाखालचं कुटार-भुसकट, लीद-मुतासकट, टोपल्यानं आणून माझ्यात पसरलं. गयासुद्दीन कपाळाला हात लावून बसला. “नव्या गाडीत घाण टाकून राहिली थे! लोकं गाडीत अत्तर टाकतात.”

“अत्तर आपल्यासाठी. तिले तिच्या घरचा वास द्याचा.”

फरक पडला, पण पुरता नाही. दुलारी चढायची, पण ओढली तर. पुढून रजियाबी दोर धरायची, मागून गयासुद्दीन लोटायचा. ती डोळे फिरवत, थरथरत आत यायची. पोचलो की पहिली उडी बाहेर. त्या वासरासारखीच. तिच्या मानेवर दोर घासून केस गेले. रजियाबी त्या जागी खोबरेल लावायची.

तुळशीचं लग्न झालं. सराई सुरू झाली. एका दुपारी चढवताना दुलारीचा मागचा पाय सुटला आणि गयासुद्दीनच्या मांडीवर बसला. तो लंगडत खाटेवर बसला, आणि मांडी चोळत म्हणाला, “रजिया, मी शेषरावले हो म्हणलं. उद्या तिवशाच्या लग्नात येऊन थे तिले घेऊन जाईल. त्याचं लॉन जागेवर हाये. तिले रोज गाडीत बसा लागणार नाई.”

“अन् मी काय करू तिच्याबिगर?”

“मले तरी हे आवडते का? पण रोज एकानं ओढाचं, एकानं लोटाचं. तिलेबी तरास, आपल्यालेबी तरास. कधी पडन-बिडन, पाय मोडन. मंग काय करशीन?”

चुकीची गाडी निवडली, असं रजियाबी एकदाही म्हणाली नाही. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिवशाला गेलो. मंडपापासून थोडं दूर, बाभळीखाली मला उभं केलं. गोरज मुहूर्ताचं लग्न. रजियाबीनं दुलारीला जरीची झूल घातली, कपाळावर गोंडा बांधला, आणि बांधता बांधता तिच्या गालाला गाल लावून उभी राहिली. गयासुद्दीननं दुसरीकडं पाहिलं.

वरात निघाली. मला तिथून फक्त आवाज ऐकू येत होता. बँड, पोट्ट्यांच्या आरोळ्या, वरमायांची हाकाहाक. रजियाबी खोलीत भाकरी टाकत बसली होती. तिला मंडपाकडं जाववत नव्हतं. मागचं दार तिनं हवेसाठी खाली सोडलेलं होतं.

नवरदेव मंडपाच्या दारात उतरला, आणि त्याच वेळी कुणीतरी फटाक्यांची लांबलचक लड दुलारीच्या पायाशीच पेटवली.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. दुलारीनं एकच झटका दिला. लगाम गयासुद्दीनच्या हातून सुटला. माणसं बाजूला झाली, खुर्च्या पडल्या, आणि ती पांढरी घोडी अंधुक उजेडात कुठं गेली ते कुणालाच दिसलं नाही. नागपूरचा मोठा रस्ता जवळच होता, त्यावर ट्रकांची रांग. गयासुद्दीन दुखऱ्या पायानं त्या रस्त्याकडं धावत सुटला. “दुलारी! दुलारी!” त्याचा आवाज फाटला होता. ओरडा ऐकून रजियाबी तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्याच्यामागं पळाली.

मी एकटी राहिले. मला चाकं आहेत, मित्रांनो, पण माझ्या मनानं ती फिरत नाहीत. मी काय करणार होते?

आणि मग बाभळीच्या मागून टापा वाजल्या.

झूल लोंबत होती, तोंडाला फेस होता. ती माझ्या दारासमोर थांबली. तिनं मान लांब केली. मी मनात म्हटलं, बाई, वास येत असेल तर क्षमा कर, माझ्या हातात नाही. तिनं हुंगलं. पहिला खूर चढणीवर ठेवला. दुसरा ठेवला. दोर नव्हता, लोटणारं कुणी नव्हतं. ती सरळ आत आली, थेट टोकाच्या कोपऱ्यापर्यंत, आणि माझ्या पत्र्याला आपली थरथरती कूस लावून उभी राहिली. तिच्या काळजाची धडधड मला ऐकू येत होती. डाव्या पत्र्यावर, त्या लाथांच्या पोच्यांवरच ती टेकली होती.

रजियाबी दोर न्यायला परत आली तेव्हा तिला दुलारी दिसली. ती ओरडली नाही, आत शिरली नाही. चढणीवर मटकन बसली आणि फोन लावला.

“कुठी सापडली? रस्त्यावर गेल्ती का?” पलीकडून गयासुद्दीनचा धापा टाकणारा आवाज.

“सापडली नाई,” रजियाबी म्हणाली. “घरी आली.”

थोड्या वेळानं तो आला. आत डोकावला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मंडपाकडून शेषराव येताना दिसले. पांढरे कपडे, पायात चकचकीत बूट.

“कुठी हाये घोडी, गयासभाई? चढवाची का माह्या गाडीत?”

“माफ करा भाऊ,” गयासुद्दीन म्हणाला. “थे झोपाले गेली.”

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. आता माझ्यात गादी आली आहे, आणि आरसाही. गयासुद्दीननं शेवटी आणलाच. तो आपली मिशी पाहत असतो. तुमच्या घरी जनावर असेल आणि त्याच्यासाठी गाडी घ्यायची वेळ आली, तर आधी हात मागं बांधून तीत उभे राहा. रंग नंतर पाहा. जनावर अडलं तर त्याच्या पाठीवर काठी घालण्याआधी हुंगून पाहा, त्याला कशाचा वास येतोय. आणि माझ्यासारख्या गाडीसाठी एक छोटीशी विनंती. तळावर रबरी चटई टाकली असेल, तर फेरी झाली की ती उचला, खालचा पत्रा धुवा आणि उन्हात कोरडा होऊ द्या. मूत पत्रा खातं, आणि ते वरून दिसत नाही. रजियाबी रोज धुते. कंबर दुखते म्हणून कुरकुरते, मला चार शिव्या देते, पण धुते. मग दुलारी अंगणातून तिची तिची येते, ओल्या पत्र्यावर पाय ठेवायला नको म्हणून दारातच उभी राहते, आणि वाळायची वाट पाहते.