दुपारपर्यंतचं मौन

"सकाळी उठल्यापासून तुळशीची पूजा होऊन बाराचा भोंगा वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही, चंद्रमती. खूणसुद्धा करायची नाही. दारात कोणी का येईना."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा लग्नाला माझ्या पंधरा दिवस झाले होते. बावीस वर्षं मी ते पाळलं.

हे पापनाशमजवळ एका नव्या कंपनीच्या तांदळाच्या गोदामात कामाला होते. परदेशी जाणाऱ्या पोत्यांना कीड लागू नये म्हणून ताडपत्रीखाली गोळ्या ठेवायच्या. ओल लागली की त्यांतून लसणासारख्या वासाचा विषारी गॅस सुटतो. मास्क होते दोन, तेही कपाटात. कार्तिकातल्या पावसात ताडपत्री उडाली, तेव्हा ओढून बसवायला यांनाच आत पाठवलं.

दुपारी घरी आले ते ओकतच. श्वासाला लसणाचा वास. आमच्या घरात लसूण येत नाही. मी वेडी, आधी तेच विचारलं, "बाहेर काय खाल्लंत?"

सरकारी दवाखान्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "मी काही खाल्लं नाही गे. ताडपत्रीखाली गेलो होतो. एवढं सांग, विचारतील त्यांना. सांगशील ना?"

"सांगेन."

दिवस मावळायच्या आत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा मॅनेजर आला. सुतकात पूजा बंद होती, मौन मी सोडलं नव्हतं. "अम्मा, त्यानंच गोळी खाल्ली ना? घरात काही भांडण?" मी खाली बघत बसले. तो कारकुनाला म्हणाला, "लिही. बायको नाकारत नाही."

यांच्याबरोबर काम करणारा राजगोपाल नंतर कळवळून म्हणाला, "वहिनी, कामावर विष लागून माणूस गेला तर भरपाई हा बायकोचा हक्क, कायदाच आहे तसा. आपणहून खाल्लं ठरलं की सगळं संपलं! मी अर्ज करवतो. पण साक्षीला तुम्ही बोलायला हवं."

तारीख लागली तिरुचीच्या कामगार कचेरीत. सकाळी साडेदहा.

"दुपारची वेळ मिळेल का रे?"

"कचेरी आहे वहिनी, लग्नाचा मुहूर्त काढायला कल्याणमंडप नव्हे."

धाकटे दीर श्रीनिवासराव आदल्या संध्याकाळी आले. "मॅनेजर भेटला होता. म्हणाला, प्रकरण वाढवलं तर जेवणाच्या डब्यात काय होतं तेही बघावं लागेल. डबा तुम्हीच दिला होता ना वहिनी? पोलीस दारात आले तर लग्नाच्या लेकीला, हरिणीला, कोण सून करून घेईल? नका जाऊ."

डब्यात दहीभात होता आणि लिंबाचं लोणचं. ठाऊक असूनही मीच मनात तो दहादा तपासून पाहिला.

सकाळी तुळशीला पाणी घालताना तांब्या कट्ट्यावर आपटला. व्रत मोडलं तर देव हरिणीवर कोपेल का? आणि बावीस वर्षांत या वेळी मी माझाच आवाज ऐकला नव्हता. कचेरीतल्या साहेबापुढे तो फुटलाच नाही तर?

हरिणी चपला घालत म्हणाली, "अम्मा, बसमध्ये तिकीट मी काढते. तू कचेरीतच बोल."

बस सुटली. कंडक्टर जवळ आला. हरिणीनं पैसे पुढे केले, मी तिचा हात हलकेच खाली केला. पहिल्यांदा नुसती हवाच आली.

"तिरुची," मी म्हणाले. "दोन."