पुजलेले पॉइंट

गेल्या दसऱ्याला बद्रीनाथची जुनी जीप वैजापूरच्या वेशीत बंद पडली आणि मेव्हण्यानं, तात्यासाहेबानं, बैल जुंपून ती दारात ओढत आणली. वरून गावभर हसत सुटला. बायकोच्या माहेरी झालेली असली फजिती माणूस विसरतो व्हय? यंदा जीप स्वतःच्या हातानं नीट करायची आणि तात्यासाहेबाच्या दारात हॉर्न वाजवत न्यायची, एवढं एकच खूळ बद्रीनाथच्या डोक्यात होतं.

खंडेनवमीच्या सकाळी पुंडलिकनगरातल्या घराच्या अंगणात त्यानं प्लग काढले, ठिणगी पाडणारे पॉइंट काढून पॉलिश पेपरनं घासले, सगळं गोणपाटावर ओळीनं मांडलं अन् आंघोळीला गेला. इथंच घोळ झाला. खंडेनवमीला घरातलं लोखंड पुजायचं असतं. वच्छलाबाईला वाटलं, नवऱ्याला यंदा अक्कल आली, आपणहून पूजा मांडली. तिनं पाणी शिंपडलं आणि पान्यांपासून प्लगांपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू वाहिलं. पॉइंटवर जरा जास्तच.

बद्रीनाथनं बाहेर येऊन कपाळाला हात लावला. मांडलेली पूजा उद्यापर्यंत हलवायची नाय, असं बायको बजावत असतानाच त्यानं ती उचलली, फडक्यानं पुसली आणि तणतणत जीपला बसवली. सेल्फ मारला. जीप फाटकन वाजली आणि गप्प झाली. मग दुपारपर्यंत तो कुंकवाच्या नावानं बोंबलत राहिला, आणि पूजा मोडली म्हणून देवी कोपली, असं ती ऐकवत राहिली.

शेवटी त्याच्या ध्यानात आलं, रागाच्या भरात आपणच दोन प्लगच्या वायरी उलट्यापालट्या खोचल्यात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको देवीची समजूत काढायला नारळ आणायला आत गेली, तेवढ्यात त्यानं गुपचूप वायरी बदलल्या. तिनं बोनेटपुढं नारळ फोडला, त्यानं सेल्फ मारला, आणि जीप झटक्यात सुरू झाली. तुझीच पूजा पावली, असं म्हणून तो मोकळा झाला.

दसऱ्याला जीप एका दमात वैजापूरला पोचली. हॉर्न ऐकून तात्यासाहेब बाहेर आला आणि बघतच राहिला. बद्रीनाथ छाती फुगवून उतरतोय, तोवर वच्छलाबाईनं भावाला पूजेची सगळी कथा सांगून टाकली, नवऱ्याच्या कबुलीसकट. तात्यासाहेबानं बहिणीपुढं हात जोडले. मग पाव्हण्याकडं वळला.

"म्हंजी पाव्हणं, तुम्ही नुसतं स्टेअरिंग धरलं व्हय?"

बद्रीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर वायरीचंही सांगावं लागलं असतं.

"व्हय," तो म्हणाला.