घागरीला पावडर

“आई, परत घासलीस?”

नागसेननं कपाळाला हात लावला. काल त्यानं आईनं घरून आणलेल्या पितळी घागरीला मन लावून पावडर फासली होती. आज ती टेबलावर लखलखत होती आणि त्याची आई सरुबाई ऑफिसच्या बेसिनपाशी हातांची चिंच धूत होती.

“मग? फोटू काढायचा म्हनालास. पिठात लोळवल्यागत करून ठेवलीयास.”

“फोटो न्हाय गं. किती वेळा सांगू?”

सांगून खरंच दमला होता तो. कागलच्या एका हॉटेलवाल्याला पाहुण्यांसाठी ‘गावाकडचं घर’ हवं होतं, तेही संगणकातलं. डोक्यावर हेल्मेटसारखा टोप चढवला की डोळ्यांपुढं स्वयंपाकघर उभं राहायचं, हातमोजा घालून त्यातली भांडी उचलता यायची. त्यासाठी खऱ्या वस्तूवर लेसरची लाल रेघ फिरवून तिचा आकार संगणकात घ्यायचा. वस्तू चकचकीत असली की रेघ विखुरायची आणि पडद्यावर घागरीला भोकं पडायची. म्हणून पावडर. उद्या हॉटेलवाला बघायला येणार होता. काम पसंत पडलं तरच नागसेनची नोकरी पक्की होणार होती.

“आता हात लावलास तर बघ,” तो ओरडला.

दुपारपर्यंत घागर संगणकात आली, एकही भोक न पडता. आजवरचं त्याचं सगळ्यात देखणं काम. राग विसरून त्यानं आईच्याच डोक्यावर टोप चढवला.

“चूल हाय. पाटा हाय,” सरुबाई हवेत हात फिरवत म्हणाली. “ह्यी कुणाची घागर?”

“तुझीच की.”

तिनं टोप काढून ठेवला. “माझी अशी मळकी न्हाय.”

“चमक घातली की संगणक अडकतोय, आई. पावणं काय चमक बघाय येणार हाईत?”

“त्येच बघत्यात. आपल्या हातचं पाणी न घेणारी लई बघितली मी. पर भांडं मळकं हाय म्हनायला एकालाबी जागा ठेवली न्हाय. खरं कारण ज्येचं त्येनं तोंडानं सांगावं.”

पदरानं पावडर पुसून, घागर काखेत घेऊन ती निघून गेली.

नागसेननं मग चमक घालून बघितली. टोप घालून मान वळवली की स्वयंपाकघर मागाहून सावकाश वळायचं आणि गरगरायचं. त्यानं संगणकाला शिव्या घातल्या, पुन्हा चमक घालून बघितली, पुन्हा तेच. पंचवीस-तीस वर्षं त्या घागरीनं पाणी दिलं आणि या डबड्याला तिची चमक पेलवेना.

“काढून टाक की चमक,” कंपनीचा मालक राजवर्धन जाता जाता म्हणाला. “कोण बघतंय?”

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला टोप घालून ऑफिसभर खूश होऊन फिरला. चूल आवडली. पाटा तर त्यानं दोनदा उचलला.

“आन् पाण्याचं काय ओ? हितं नुसती चुंबळच दिसतीया.”

राजवर्धननं पडद्याकडं बघितलं, मग नागसेनकडं. “घागर कुठं गेली रं? काल तर संगणकात होती.”

“मळकी ठेवायची न्हवती, सर. जिची होती ती घेऊन गेली.”

राजवर्धनचा चेहरा उतरला. टोपात कान झाकलेल्या हॉटेलवाल्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. हातमोजा घातलेला हात पुढं करून तो रिकाम्या चुंबळीवर काहीतरी चाचपत उभा होता.