फुटक्या पाळीवरची खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटली की तुम्हाला तिच्यावर बसणारा आठवतो. आज जरा खुर्चीचंही ऐका. मी दिघोरीकडच्या एका गावातली जुनी सागवानी खुर्ची आहे. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी लाखांदूरच्या सुताराने मला घडवलं. उंच पाठ, रुंद हात, लाल मखमल. ताराचंदच्या बिछायत केंद्रात, म्हणजे लग्न-सभांचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात, सतरंज्या आणि स्वयंपाकाचे गंज पुष्कळ होते, पण माझ्या तोडीचं दुसरं काही नव्हतं.

लग्नसराईत माझ्यावर नवरदेव बसायचे. घामेजलेले, भेदरलेले, पण बिचारे जपून टेकायचे. साहेबांचं तसं नव्हतं. साहेब म्हणजे आमच्या भागाचे मंत्री. ते सभेला आले की धपकन बसायचे, पानाने रंगलेली बोटं माझ्या मखमलीला पुसायचे आणि दरवेळी सांगायचे, "तलावाची पाळ यंदा बांधतोच." पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, एका जागी फुटलेली होती. दर पावसाळ्यात तिथून पाणी सुटायचं आणि खालच्या शेतांच्या बांध्यांमधलं रोवलेलं धान वाहून जायचं. सगळ्यात आधी परसरामचं, कारण त्याचं शेत पाळीला लागूनच. तरी साहेबांना पहिला हार परसरामच घालायचा. मला त्याचा फार राग यायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात निवडणूक झाली, सरकार बदललं आणि साहेब पडले. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी काचा वर करून गावातून निघून गेली. कोणी हात हलवला नाही. काल "आपले साहेब" म्हणणारे आज पानठेल्यावर शिवी दिल्याशिवाय त्यांचं नाव घेईनात. चौकातला त्यांचा फ्लेक्स कोणीतरी ओढून काढला आणि धानाच्या वाळल्या तणसाच्या ढिगावर अंथरला, तोंड खाली करून. लोकांचा राग खरा होता. पण इतकी वर्षं तो कुठे झोपला होता, ते मला विचारायचं होतं.

मग तो राग ताराचंदवर वळला. साहेबांच्या सभेचा मंडप तोच टाकायचा ना! लोक त्याला साहेबांचा माणूस म्हणू लागले. गावातल्या दोन लग्नांची बिछायत बाहेरून आली, आणि ताराचंद दुकानात माश्या मारत बसला.

एका सकाळी परसराम पन्नासेक लोक घेऊन दारात उभा राहिला. सोबत तणसाचा पुतळा होता, पांढरा सदरा घातलेला.

"काढ ते खुर्ची, ताराचंद! साहेबाची लय चमचेगिरी केली तुनं. आज त्याले खुर्चीसकट जाळतो."

"पुतळा जाळा भाऊ, काडी मी देतो," ताराचंद हात जोडून म्हणाला. "पन खुर्ची माह्या पोटाची हाये."

कोण ऐकतं? त्यांनी पुतळा माझ्यावर बसवला आणि मला खांद्यावर घेऊन मुर्दाबादच्या घोषणा देत प्रेतयात्रा काढली. चौकात परसरामने काडी ओढली. तणस भडकलं, माझ्या डाव्या हाताची मखमल पेटली. तेवढ्यात गर्दीत घुसून एका म्हातारीने पाण्याची अख्खी गुंडी माझ्यावर ओतली. ती परसरामची आई, बायजाबाई.

"खुर्चीनं फोडली का रे पाळ?" ती पोरावर ओरडली. "कायले जाळून राहिला? आठ दिवसानं नवा साहेब येईन, मंग त्याले कायच्यावर बसवशीन? पहिला हार त तूच घेऊन जाशीन!"

लोक हसले. परसराम हसला नाही. त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

नवे साहेब खरंच आठ दिवसांनी यायचे ठरले. हारांची वर्गणीही सुरू झाली. तेव्हा परसराम एकटाच ताराचंदकडे आला.

"खुर्ची दे. पन मंडपात नाई, फुटक्या पाळीवर ठेवू. साहेब बसतीन त तथीच बसतीन."

ताराचंदने मला बाहेर काढलं.

नवे साहेब नाकाला रुमाल लावून अवकाळी पावसाच्या चिखलातून पाळीपर्यंत आले. सगळं गाव तिथे उभं होतं, हाताची घडी घालून. साहेबांनी खिंडार पाहिलं, माझा जळका हात पाहिला.

"बसा नं, साहेब," परसराम म्हणाला.

"बघतो," असं म्हणून साहेब उभ्या उभ्याच गाडीकडे वळले. एकही टाळी वाजली नाही.

"पाळ बांधल्याबिगर खुर्ची उचलाची नाई," परसरामने जाहीर केलं. सगळे ताराचंदकडे पाहू लागले. लग्नाच्या तिथी अजून बाकी होत्या. मी गेले तर त्याच्याकडे उरणार काय? ताराचंदने माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"राहू द्या अथीच," तो म्हणाला.

काल आभाळ भरून आलं. ताराचंद ताडपत्री घेऊन धावत आला, पण वाऱ्यात ती त्याला एकट्याला आवरेना. परसरामने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून मला गुंडाळलं. त्या क्षणी माझा परसरामवरचा सगळा राग निवळला.

मित्रांनो, मी किती दिवस टिकेन ठाऊक नाही. सागवान दम धरेल, मखमल गेलीच समजा. मला जपा, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या गावात कोणी साहेब आला, तर बसायला खुर्ची द्यायच्या आधी त्याला काम दाखवा. आमच्याकडे मृग आठ दिवसांवर आला आहे, आणि मी उभी आहे तिथलं खिंडार अजून तेवढंच रुंद आहे.