बाकावरची दुपार

मित्रांनो, मी एक जुना ग्लव्ह आहे. थंडीतला नव्हे, बेसबॉलचा. अमेरिकेत गाईच्या चामड्यातून मला कापलं आणि चामड्याच्याच वादीनं शिवलं.

माझा पहिला मालक रिलीफ पिचर होता. सामना संपत आलेला, संघ थोडक्यात पुढे आणि सुरुवातीपासून चेंडू फेकणारा थकलेला, अशा वेळी ज्याला मैदानात धाडतात, तो. एका मोसमात लीगमधल्या सर्वोत्तम रिलीफ पिचरांत त्याचं नाव होतं. टाळ्या मी ऐकल्या. पण आठवतात त्या लांबच लांब दुपारी. कुंपणालगतचा बाक, सूर्यफुलाच्या बिया चघळणारी माणसं, मालकाच्या मांडीवर पेंगणारा मी. मग मैदानात बोलावणारा भिंतीवरचा फोन वाजे आणि सगळा बाक गप्प होई.

त्याचा खेळ थांबला. मी खोक्याखोक्यांतून फिरत लंडनच्या पिनर भागातल्या, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये पोचलो. तिथून दियानं मला घरी नेलं. रविवारी तिथल्या बेसबॉल क्लबकडून खेळणारी दियाही रिलीफ पिचरच. माझ्यात पुन्हा ऊब आली.

तिचे आजोबा, जयंतराव, आयुष्यभर क्रिकेटमध्ये नव्या चेंडूनं गोलंदाजी केलेले. नातीला सगळ्यांत शेवटी बोलावतात, हे त्यांना लागे.

"आमच्याकडे असं बसलेल्याला पाणी न्यायला सांगत," ते म्हणाले.

"आजोबा, शेवटी माझ्यावरच ट्रस्ट करतात ते."

त्यांना ते पटलं नाही. पण उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, कुणाला न सांगता, बॅटसाठी जपून ठेवलेलं जवसाचं तेल त्यांनी मला चोळलं. बॅटला पाजतात तसं, भरपूर, मायेनं. मी सुखावलो. सकाळी मात्र जड आणि लिबलिबीत झालो होतो. दियाकडे दुसरा ग्लव्ह नव्हता.

शेवटच्या डावात संघ एका धावेनं पुढे होता. दियाला बोलावलं. टोलवलेला चेंडू सरळ तिच्याकडे आला. मी उघडलो, पण मिटलो नाही. चेंडू माझ्यातून निसटून गवतात घरंगळला, समोरच्या संघाच्या दोघांनी धावत येऊन दोन धावा पुऱ्या केल्या आणि सामना गेला.

दियाला तेलाचा वास कधीच आला होता. कोचनं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझा हात लेट गेला."

कुंपणाशी उभ्या आजोबांनी ते ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी मला मांडीवर घेतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि विचारलं, "दिया, याला काय लागतं, ते मला शिकव."

मित्रांनो, मायेनं हात लावण्याआधी एवढं विचारा. आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं.

तेल पुरतं निघालं नाही. मी अजून थोडा जडच आहे. पण आता रविवारी आजोबा बाकावर दियाशेजारी बसतात. मी दोघांच्या मध्ये पेंगतो. कोचनं हात वर केला की सगळा बाक गप्प होतो, आणि आजोबा मला उचलून तिच्या हातात देतात.

"जा," ते म्हणतात, "तुझ्यासाठीच थांबलेत सगळे."