आण्णासाहेबांच्या गाडीचं तेल

महेबूब मिस्त्री बुलेट ढकलत चालला होता आणि नेमका आज परंड्याचा बाजार होता. मिरच्यांच्या ढिगांमागून, कापडाच्या पालांतून माणसं माना वर करून बघत होती. गाडी अगदी नवीकोरी दिसत होती. गडद हिरवा रंग, टाकीवर बारीक सोनेरी रेघ. फक्त तिच्या पोटातून रस्त्यावर काळ्या तेलाची धार लागली होती.

"मिस्त्री, पेट्रोल संपलं काय?" भांड्यांच्या दुकानातून बंडप्पानं विचारलं.

"व्हय," महेबूब म्हणाला.

"पेट्रोल संपल्यावर तेल गळतंय व्हय?"

महेबूबला खोटं बोलायला कधी जमलंच नाही. वय साठीला आलं तरी जमलं नाही. तो मान खाली घालून ढकलत राहिला. बाजार संपेपर्यंत गावभर झालं, महेबूबनं आण्णासाहेबांच्या बुलेटचं इंजिन उडवलं.

उडालं होतं हे खरंच. दुपारी तो गाडी चालवून बघायला म्हणून कुर्डुवाडी रोडला निघाला. पहिले काही किलोमीटर गाडी अशी चालली की त्याला आण्णासाहेबांचीच आठवण झाली. मग आवाज जड झाला. त्यानं हात सैल करायच्या आत आतून कडाडलं आणि मागचं चाक जागीच धरलं गेलं. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचा खालचा चेंबर फोडून बाहेर आला होता. भोक एवढं की तीन बोटं आत जावीत. महेबूब रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून त्या भोकात बोटं घालून बघत राहिला. बघून काही होणार नव्हतं, पण उठवत नव्हतं.

गाडी आण्णासाहेबांच्या मुलीसाठी बनत होती. शिवकन्या एकुलती एक, भूमकडच्या एका उपकेंद्रात नर्स. लहानपणीच्या पोलिओनं तिचा डावा पाय बारीक राहिलेला. वाड्यावस्त्यांवर लसी घेऊन जायचं तर एसटीच्या भरवशावर जमत नव्हतं. स्कूटी घे म्हणून सगळ्यांनी सांगितलं. तिला बापाचीच गाडी हवी होती. शाळेत असताना बाप तिला टाकीवर बसवून न्यायचा, आणि त्या टाकीवर असताना आपला एक पाय बारीक आहे हे तिला आठवायचंसुद्धा नाही. आण्णासाहेब गेल्यापासून गाडी घरी गोणपाटाखाली उभी होती.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. महेबूबनं डाव्या पायातला ब्रेक काढून हँडलवर आणला, किकेऐवजी सेल्फ बसवला, सीट खाली घेतलं, मागं लसीचा डबा बसेल असं कॅरिअर बनवलं. पावसाळाभर तो ह्याच गाडीत होता. बाकीची गिऱ्हाइकं वैतागून समोरच्या गॅरेजात गेली.

एक गोष्ट मात्र त्यानं केली नाही. इंजिनाचं वरचं काम केलं, रिंगा बदलल्या, तेल बदललं. खालचा चेंबर खोलला नाही. कारण चेंबरच्या बोल्टांवर पिवळ्या रंगाचं निशाण होतं. महेबूबची ती जुनी खोड. इंजिन बांधून झालं की बोल्टांवर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका. ठिपका शाबूत म्हणजे आत दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही. आण्णासाहेबांचं हे इंजिन त्यानं स्वतः बांधलं होतं. ठिपके शाबूत होते. स्वतःच्याच कामावर संशय कसा घ्यायचा? जुनं तेल सोडताना ते घट्ट, चिकट निघालं होतं. उभ्या गाडीचं तसंच निघतं, असं म्हणून त्यानं हात पुसले होते.

संध्याकाळी त्याच्या पोरानं, सोहेलनं, चेंबर खोलला. सोहेल तिशीचा, हुशार आणि तोंडानं तिखट. आत सगळीकडं तपकिरी साय धरली होती. तेल जायच्या बारीक वाटा डिंकानं लिंपल्यासारख्या बंद. सोहेलनं नखानं थोडी साय खरवडली आणि नाकाशी नेली.

"अब्बा, ह्ये इंजिन ऑइल न्हाय. वास घ्या."

महेबूबनं वास घेतला. खवट झालेल्या तेलाचा वास. त्याला तो लगेच कळला. आण्णासाहेबांच्या घरी तो किती वेळा जेवला होता. त्यांच्या बायको, द्वारकावहिनी, शेंगाच्या चटणीवर घरच्या करडईचं तेल सढळ हातानं घालायच्या.

"करडईचं हाय," तो म्हणाला आणि उठून उगाच पाने लावायला लागला.

"कुणी घातलं?"

महेबूबनं एक पाना पुसून जागेवर ठेवला.

"वहिनींनी," सोहेलच म्हणाला. "दुसरं कोण हाय त्या घरात? अब्बा, सांगून टाका. बाजारात तुमचं नाव घ्यायलेत लोकं. म्हातारा झाला, हात गेला म्हणायलेत."

"म्या खालचं खोललं न्हाय. खोललं असतं तर दिसलं असतं."

"पर बिघडवलं तुमी न्हाय ना."

महेबूबनं शिवकन्येला फोन केला तो एवढंच सांगायला, की इंजिन गेलं. पलीकडून फोन बंद झाला.

पुढचे दोन दिवस त्याचे हात कशात थांबेनात. चहा मागवायचा आणि विसरायचा. दुसऱ्यांच्या गाड्यांचे घट्ट बोल्ट पुन्हा घट्ट करायचा. चाळीस वर्षांत त्यानं कमावलं ते एवढंच, की महेबूबनं बांधलेलं इंजिन मधेच सोडत नाही. घर अजून पत्र्याचं, पण हे एक होतं. ते त्याच्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि एका वाक्यात परत येण्यासारखं होतं. ते वाक्य तो मनातल्या मनात म्हणून बघायचा आणि त्याला वहिनींचा चेहरा दिसायचा. मग तो पुन्हा पाना उचलायचा.

खंडेनवमीला गॅरेजासमोर धुतलेल्या गाड्यांची रांग लागली. त्या गर्दीत शिवकन्या रिक्षातून उतरली. मागून द्वारकाबाई, हातात पिशवी.

"आई ऐकंना," शिवकन्या कोरडेपणानं म्हणाली. "म्हणाली, बिघडली तर बिघडली, पूजा चुकायची न्हाय."

महेबूबनं सकाळीच इंजिन जोडून गाडीत परत बसवलं होतं. उघडं, फुटलेलं इंजिन वहिनींना दाखवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. गाडी त्यानं अशी उभी केली होती की भोक भिंतीकडं राहावं.

शिवकन्येनं हँडलवरच्या ब्रेकवरून हात फिरवला. एकदा दाबला, सोडला. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला राग आला.

"काका, तुमच्यावर सोडली होती गाडी. दुसऱ्या कुणाकडं दिली असती तर मला काही वाटलं नसतं. आतलं नीट बघितलं नव्हतं का तुमी?"

दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती.

"न्हाय," महेबूब म्हणाला. "खालचं खोललं न्हाय. चूक माझी हाय."

"अब्बा..." सोहेलनं तोंड उघडलं.

"सोहेल, तिकडची गाडी पुसून घे."

सोहेलनं फडकं खांद्यावर टाकलं, पण गेला नाही.

द्वारकाबाईंचं ह्या कशाकडं लक्ष नव्हतं. त्यांनी टाकीला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली. मग पिशवीतून झाकणाचा स्टीलचा डबा काढला आणि एक वाटी. वाटीत तेल ओतलं. पिवळंधमक, ताजं. घाण्याचा वास सगळ्या गॅरेजात पसरला.

"आपल्या रानातलं हाय," त्या महेबूबला म्हणाल्या. "दर खंडेनवमीला वाटीभर घालते. एकदाबी चुकवलं न्हाय. दवाखान्यात ह्यांनी मला तेवढंच सांगितलं होतं, गाडीला तेल कमी पडू देऊ नको. दुसरं काय मागितलंच न्हाय हो त्यांनी."

शिवकन्येचा ब्रेकवरचा हात तसाच राहिला. तिनं वाटीकडं बघितलं, मग इंजिनाकडं, मग सोहेलकडं. सोहेलनं नजर खाली केली.

"आई," ती म्हणाली, "तू हे गाडीत..."

"म्हणून तर इतकी वर्षं टिकलं, वहिनी," महेबूब मधेच म्हणाला. "न्हाय तर कवाच गंजून गेलं असतं."

त्याचा आवाज जराही हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खोटं नीट बोलता आलं. द्वारकाबाईंचा चेहरा खुलला. हे त्यांना कुणीतरी म्हणावं म्हणून त्या कधीपासून थांबल्या असाव्यात.

"मंग आता दुरुस्त हुईल ना?"

"हुईल. सोलापुरातनं दुसरा चेंबर आणतो. येळ लागंल, पर शिवा ह्याच गाडीवर बसून जाईल."

"मंग घालते," त्या म्हणाल्या आणि सवयीच्या हातानं इंजिनाच्या तेलाच्या झाकणाकडं वळल्या. झाकण कुठं आहे हे त्यांना कुणी दाखवायची गरज नव्हती.

महेबूब गाडी आणि भिंतीच्या मधल्या जागेत शिरला आणि उकिडवा बसला. त्यानं उजवा हात चेंबरच्या भोकाखाली धरला. वरून वहिनी हळूहळू वाटी रिती करत होत्या, ओठांनी काहीतरी पुटपुटत. थोडा वेळ काही झालं नाही. मग त्याच्या तळहातावर तेलाचा पहिला थेंब पडला आणि मागोमाग धार आली.

तळवा भरायला लागला. शिवकन्या बारीक पाय ओढत त्या बाजूला आली आणि आईला तिकडचं दिसू नये अशी मधे उभी राहिली. ती महेबूबच्या हाताकडं बघत होती. मग ओढणीचं टोक पुढं करून तिनं त्याच्या हाताखाली धरलं.

"भरलं का हो?" द्वारकाबाईंनी वरून विचारलं.

"भरलं, वहिनी," महेबूब म्हणाला. तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.