ओल्या बोटाची परीक्षा

प्रिंटर घ्यायला मी लॅमिंग्टन रोडला गेलो तेव्हा सोबत पेनड्राइव्हवर मराठी मजकुराची सहा पानं आणि पाण्याची बाटली नेली होती. दुकानदाराने बाटली पाहिली आणि त्याला वाटलं, म्हातारा उन्हातून आलाय, तहान लागली असेल. पाणी पिण्यासाठी नव्हतं. पस्तीस वर्षं मी शाळेच्या कचेरीत टायपिस्ट होतो आणि कागदावरच्या अक्षराच्या बाबतीत माझा कोणावरही विश्वास नाही.

करी रोडच्या आमच्या चाळीचं रीडेव्हलपमेंट लागलं होतं आणि मी समितीचा सेक्रेटरी होतो. कारण एवढंच की आलेलं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा चाळीत मी एकटाच. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काही छापायला दिलं की संध्याकाळपर्यंत बिल्डरच्या माणसाला पाठ झालेलं असायचं, म्हणून समितीचा स्वतःचा प्रिंटर हवा होता. लेझर चालणार नव्हता. समितीतल्या राजेशने एकदा त्याच्या ऑफिसातला आणून लावला, तर तो गरम होतो न होतो तोच मजल्याचा फ्यूज उडाला. राहता राहिला शाईचा.

खोक्यावर लिहिलं होतं मिनिटाला तीस पानं. मी घड्याळ लावून माझी सहा पानं काढायला लावली. मिनिटाला अकराचा हिशेब निघाला. दुसऱ्या मशीनचा आठ, तिसऱ्याचा तेरा, पण त्याचे अनुस्वार पसरून आले. मग मी बोट ओलं करून प्रत्येक पानावर घासलं. एकाच मशीनचं काळं अक्षर जागचं हललं नाही.

"चाचा, प्रिंटर ले रहे हो या लडकी देख रहे हो?" दुकानदार म्हणाला.

"लडकी वापस आ सकती है, प्रिंटर नहीं," मी म्हणालो. त्याला राग आला असावा, पण काळ्या शाईचं त्याने नीट समजावलं. या मशीनच्या काळ्या टाकीत पिग्मेंटची शाई असते, ती कागदावर बसते आणि पाण्याने जात नाही. दुसरी, डायची, फोटोंसाठी. ती पाण्यात विरघळते. "काले में वही डालना, जो लिखा है." मी ते वहीत लिहून घेतलं. घरी येऊन समितीला व्याख्यानही दिलं. सगळे कंटाळले.

दीड वर्षाने पात्र भाडेकरूंची यादी लागली. एकशे अडुसष्टपैकी त्रेचाळीस खोल्यांची नावं गायब. हरकतीला पंधरा दिवस, अर्ज सहा पानी, तीन प्रतींत. एक प्रत ऑफिसचा शिक्का मारून परत मिळणार, तोच पुरावा. मजकूर सगळ्यांचा एकच. फरक फक्त भाडेकरूचं नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव आणि खोली नंबर यांचा.

त्या त्रेचाळिसांत सत्तेचाळीस नंबर होता, गंगुवहिनींचा. शहात्तरीच्या बाई, नवरा सीताराम गिरणीत साचेवाला होता, तो जाऊन वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. सर्व्हे झाला त्या दिवशी त्या मालवणला भावाच्या बाराव्याला गेल्या होत्या, तर यादीत 'खोली बंद' असं आलं. माझी बायको आजारी होती तेव्हा चार महिने आमच्याकडे पेज वहिनींच्या घरून यायची. बाहेर जाताना त्या खोलीची किल्ली माझ्याकडे ठेवायच्या, तीस वर्षं.

लोक माझ्या दारात भांडत होते, माझा अर्ज आधी काढा म्हणून. वहिनी म्हणाल्या, "रवांदे माजो शेवटाक. माका खंय घाई आसा?" आणि मी खरंच त्यांचा शेवटी ठेवला. जो ओरडत नाही त्याला मागे ठेवायची माझी कचेरीतली सवय.

शेवटच्या दिवशी सकाळी काळी टाकी रेघेखाली गेली. अडतीस अर्ज झाले होते, पाच उरले होते. लालबागच्या दुकानात ती बाटली नव्हती, सोमवारी येणार होती. दादरला फोन केला, तिथेही नाही. लॅमिंग्टन रोडला मी फोन केला नाही. जाऊन यायला दीड तास लागला असता आणि दुपारी चारला वरळीचं ऑफिस अर्ज घेणं बंद करणार होतं. आत्ता मोजतो तर तो दीड तास होता माझ्याकडे. लालबागच्या दुकानदाराने दुसरी बाटली पुढे केली. "काळी ती काळीच, काका. ह्याच्यात बसते."

बाटलीवर डाय लिहिलं होतं. मी चष्मा लावून वाचलं आणि तरी घेतली. अक्षर किंचित फिकट आलं, कडा जराशा फुललेल्या. पाण्याचा तांब्या टेबलावरच होता. मी बोट बुडवलं नाही, कारण बुडवलं असतं तर काय दिसेल ते मला माहीत होतं.

त्रेचाळीस अर्ज एकत्र दिले, एकाच जावक पत्राने. त्यात फक्त संख्या होती, नावं नव्हती. शिक्के मारून प्रती परत मिळाल्या. वहिनींना त्यांची दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "चिंतामणा, ह्यात माजा नाव खंय आसा?"

मी बोट ठेवून दाखवलं. मग नवऱ्याचं नाव दाखवलं, मग खोली नंबर. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्या तीन जागा त्यांनी नीट लक्षात ठेवल्या. खाली त्यांचा अंगठा होता, तो त्यांना ओळखता आला.

सात महिन्यांनी सुनावणी लागली. तोवर ऑफिसने मजला बदलला होता आणि आमच्या गठ्ठ्यातले काही अर्ज सापडत नव्हते, त्यात सत्तेचाळीसचाही. अधिकारी म्हणाला, शिक्क्याची प्रत दाखवा. वहिनींनी पिशवीतून काढली. पहिल्या पानावर तीन ठिकाणी कुंकवाचे वाळलेले डाग होते आणि प्रत्येक डागाखाली अक्षरांच्या जागी निळसर काळा चिखल. शिक्का स्वच्छ होता. बाकीचा मजकूरही स्वच्छ होता, जो सगळ्यांचा सारखाच होता.

"हे कोणाचं आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माजा," वहिनी म्हणाल्या. "देवाकडे ठेवलेलंय. कुंकू लायल्याशिवाय तसोच कसो ठेवू? नावारच लायलंय, बोट ओला करून."

मी म्हणालो, अंगठा यांचाच आहे, जुळवून पाहा. तो म्हणाला, अंगठे तपासायला इथे कोणी नाही. मी म्हणालो, मूळ फाइल माझ्या कॉम्प्युटरवर आहे, सहा सेकंदांत पान काढून देतो.

"तेच ना," तो म्हणाला, तसा सभ्यपणेच. "ते आज काढता येतं."

बाहेर जिन्यात वहिनी स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाल्या, "माज्या हातान झाला." रिक्षा इथे मिळत नाही, टॅक्सी बघतो, एवढंच मी म्हणालो. पत्रात एका ओळीचं कारण आलं: मुदतीत हरकत घेतल्याचा पुरावा नाही, अपात्र. दोन महिन्यांत खोली सोडायची होती. मालवणला भाऊ नव्हता, भावजय ठेवून घेईल की नाही हे वहिनींना ठाऊक नव्हतं. त्या दोन महिन्यांत त्या भेटेल त्याला सांगत होत्या की माझ्या कुंकवानेच माझं घर पुसलं. मी ऐकत होतो. चाळीतल्या बायकाही त्यांना बोलल्या, अडाणीपणा म्हणाल्या, आणि मी तेही ऐकलं.

जायच्या आधी चार दिवस त्या माझ्याकडे आल्या. "माका तो कागद परत काढून दी. हयसर रवलंय म्हणून काय तरी माज्याकडे असांदे."

टाकीत आता बरोबर शाई होती. पान निघालं, मी ते वाळवून त्यांच्या हातात दिलं. वहिनींनी करंडा सोबतच आणला होता. तांब्यात बोट बुडवून त्यांनी कुंकू घेतलं, पुन्हा विचारून खात्री करत त्याच तीन जागी लावलं, आणि नेहमीप्रमाणे जरा चोळलं. मग पान डोळ्यांजवळ नेलं.

"अक्षर हलला पण नाय," त्या म्हणाल्या. "ताच बोट, ताच कुंकू. मगे त्या टायमाक कसा पुसला?"

मी सांगितलं. शाई वेगळी होती, वहिनी. मी भरली होती. भरताना मला माहीत होतं.

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पान माझ्या टेबलावर ठेवलं, करंड्याचं झाकण लावलं आणि उठल्या. चौथ्या दिवशी सत्तेचाळीसची किल्ली त्यांनी वरच्या मजल्यावरच्या प्रितीकडे दिली. जाताना माझ्या दारावरूनच गेल्या.